आवाज फुटल्यानंतरची वर्षं

गेल्या वर्षी गणेशोत्सवात वाळवा तालुक्यातल्या एका गावात माझा एक विद्यार्थी गायला बसला. वय पंधरा. ओठावर नुकतं मिसरूड, अंगात मोठ्या भावाचा झब्बा, समोर शाळेतून मागून आणलेली पेटी. नऊ वर्षांचा असताना त्यानं एका टीव्ही मालिकेत काम केलं होतं. सातारा भागातल्या एका वाड्यात चित्रीकरण होतं, आठ-नऊ महिने चाललं. मालिकेतलं त्याचं एक वाक्य त्या वर्षी इतकं गाजलं की एसटीच्या कंडक्टरपासून शाळेच्या शिपायापर्यंत जो तो त्याला तेच म्हणून दाखवायला सांगायचा. मग मालिकेची गोष्ट काही वर्षांनी पुढं सरकली, त्याच्या जागी मोठा नट आला आणि हा गावी परतला. सातवीत असताना आईनं त्याला माझ्याकडे गाण्याला घातलं.

त्या रात्री गायचा म्हणून भूप रागातला एक अभंग आम्ही तीन महिने बसवला होता. निवेदकानं ओळख करून दिली ती मालिकेतल्या नावानं. त्याचं खरं नाव घेतलंच नाही. पोरगा आलाप करत गंधारावर थांबला, पंचमाकडे निघाला, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, तो डायलॉग म्हण की!" मग दुसरा ओरडला, मग पोरांची अख्खी रांग. त्यानं पेटीवरचा हात उचलून माझ्याकडे बघितलं. मी तबलजींच्या शेजारी बसले होते, मानेनंच 'गा' म्हटलं. पण निवेदकानं माइक त्याच्या तोंडाशी नेला होता. त्यानं ते वाक्य म्हटलं. नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडी गोड वाटलेलं वाक्य घोगऱ्या, फाटक्या आवाजात बाहेर आलं आणि सगळा मंडप हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आपल्या गावचं पोरगं म्हणून प्रेमानंच हसले सगळे. पण पुढं अभंग काही उभा राहिला नाही.

त्यानंतर तीन आठवडे तो क्लासला आला नाही. चौथ्या आठवड्यात आई आली. "ताई, पोरगं घरात गुणगुणतसुद्धा नाही बघा. आधी नुसतं आंघोळीला गेलं तरी गात होतं."

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. लहानपणी ज्यानं आपल्याला रिझवलं, त्या मुलाचं मोठं झाल्यावर आपण काय देणं लागतो? माझं म्हणणं असं आहे की आपण त्याला काही वर्षं देणं लागतो. आवाज फुटल्यापासून तो पुन्हा बसेपर्यंतची, कुणी टाळ्या न वाजवण्याची वर्षं. बालनट पुढं गायक झाला, अशी जी जी उदाहरणं आपल्या मराठी मुलखात आहेत, त्यांत हा मधला काळ कुणी ना कुणी सांभाळलेला दिसतो. आज तो सांभाळणारं कुणी उरलेलं नाही. आणि हे सांगली-साताऱ्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं.

जास्त वाईट का, तर आपल्याइतकी याची माहिती दुसऱ्या कुणाला नसावी. 5 नोव्हेंबर 1843 या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या संस्थानिकांपुढं 'सीतास्वयंवर' केलं. त्या तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो, भावे नाट्यमंदिरात गौरवपदक देतो, शहराला नाट्यपंढरी म्हणवून घेतो. त्या काळापासून पुढची किती तरी दशकं नाटकातल्या बायकांची कामं मुलगे आणि पुरुषच करत होते. म्हणजे कोवळ्या गळ्याचा मुलगा ही आपल्या रंगभूमीची रोजची गरज होती. नाटक कंपन्या अशी मुलं गावोगावी शोधत फिरायच्या. दिसायला बरा, गळ्यात गोडवा, घरी खायची भ्रांत. असा मुलगा दिसला की कंपनीत दाखल. आणि अशा प्रत्येक मुलाच्या बाबतीत एक दिवस ठरलेला असायचा. आवाज फुटण्याचा.

शरीराच्या दृष्टीनं यात गूढ काही नाही. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण दोन-तीन स्वरांनी, त्यामुळं तो चटकन लक्षात येत नाही. मुलाचं मात्र सगळं घरच हलतं. काल ज्या काळी चारच्या उंच पट्टीत तो सहज तार षड्ज लावत होता, तिथं आज गळा मध्येच निसटतो. खाली जावं तर तळ अजून तयार झालेला नसतो. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं तो दोन आवाजांच्या मधल्या पायरीवर उभा असतो. या काळात जबरदस्तीनं वरच्या पट्टीत गायला लावलं तर गळा कायमचा दुखावतो. शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. गायला बसवणाऱ्यांना माहीत नसतं, किंवा कार्यक्रमाची तारीख ठरलेली असते.

भास्करबुवा बखल्यांची गोष्ट इथं सांगायलाच हवी. 1869 चा जन्म, लहानपणीच किर्लोस्कर नाटक मंडळीत. 1884 साली आलेल्या 'रामराज्यवियोगा'त पोरसवदा भास्कर कैकेयी झाला आणि त्याच्या गाण्यानं लोक वेडे झाले. पुढं आवाज फुटला. ज्या कंपनीनं डोक्यावर घेतलं होतं तिथंच त्याची किंमत गेली, आणि तो बाहेर पडला. बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांपाशी, नंतर नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकला. त्यातून जे भास्करबुवा उभे राहिले, त्यांनी 1916 साली 'स्वयंवर'ला चाली दिल्या, आणि त्या चालींनी बालगंधर्वांचं गाणं घराघरात नेलं. बालगंधर्व आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. त्यांच्या गळ्यातून जे उतरलं त्याचा एक मोठा वाटा अशा माणसाचा होता, ज्याला पोरवयात 'आता तुझा आवाज कामाचा नाही' हे अनुभवायला लागलं होतं.

ही गोष्ट सांगताना आपल्याकडे तिचा शेवट तेवढा रंगवतात. मला मधला भाग महत्त्वाचा वाटतो. कैकेयी आणि 'स्वयंवर' यांच्यात तीस वर्षांहून जास्त अंतर आहे. त्यातली सुरुवातीची कित्येक वर्षं भास्करबुवांना लोकांनी ऐकलंच नाही. ते उस्तादांच्या दारात राबत होते, षड्ज लावत होते.

नंतरचीही उदाहरणं तशीच आहेत. राम मराठे 1938 साली प्रभातच्या 'गोपालकृष्ण'मध्ये कृष्ण झाले, तेव्हा ते चौदाचेही नव्हते. पुढच्याच वर्षी 'माणूस'मध्ये हॉटेलात चहा देणारा पोऱ्या. प्रभातसारखी कंपनी, देशभर चाललेले चित्रपट. तिथंच चिकटून राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी सिनेमा सोडला आणि गाणं धरलं. मास्टर कृष्णराव, मिराशीबुवा, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा पुरोहित अशा एकाहून एक गुरूंपुढं बसले. त्यांचं गाजलेलं संगीत नाटक 'मंदारमाला' आलं 1963 ला. वसंतराव देशपांडे भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाले ते 1935 साली. नंतर लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी केली, नोकरी सांभाळून गाणं वाढवलं, आणि 'कट्यार'मधले खाँसाहेब म्हणून महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं ते 1967 साली. बत्तीस वर्षं! दोघेही पडद्यावर बाळकृष्ण झालेले, दोघांनीही त्या कृष्णाचा मुकुट उतरवून ठेवला. मैफलीत कुणी राम मराठ्यांना 'तो चहावाला पोऱ्या करून दाखवा' म्हटलं असतं, तर श्रोत्यांनीच त्याला उठवून बाहेर काढलं असतं.

आणि लतादीदी. मंगेशकरांचं बिऱ्हाड आपल्या सांगलीत होतं, आशाताईंचा तर 1933 चा जन्मच सांगलीचा. 24 एप्रिल 1942 ला मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लता साडेबारा वर्षांची. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये तिनं छोटं काम केलं, पुढं मास्टर विनायकांच्या चित्रपटांतून आणखी काही. घर चालवायचं होतं. ते तोंडाला रंग फासणं, ते दिवे आपल्याला कधीच आवडले नाहीत, असं त्यांनी पुढं मुलाखतींतून सांगितलंय. मुंबईत आल्यावर अमान अली खाँसाहेबांकडे शिक्षण सुरू झालं, आणि 1949 साल उजाडेपर्यंत ती अभिनेत्री मुलगी लोकांच्या आठवणीतून पुसलीही गेली होती. पुसली गेली म्हणून बरं झालं. त्या लहान मुलीच्या भूमिकांची आठवण काढत कुणी त्यांच्या गाण्यात आडवं आलं नाही.

कोरेगाव तालुक्यातल्या भाडळे गावच्या सौदागर नागनाथ गोरे यांचं उदाहरण मात्र मला नेहमी थांबवतं. 1918 चा जन्म, लहानपणीच बालमोहन नाटक मंडळीत गेले, आणि तिथं 'छोटा गंधर्व' हे नाव चिकटलं. ते नाव मरेपर्यंत सुटलं नाही. 1997 च्या शेवटच्या दिवशी ते गेले, एकोणऐंशी वर्षांचे होऊन, तरी बातमीत छोटा गंधर्वच. कौतुकाचं नाव आहे, मलाही ते प्रिय आहे. पण त्या नावाआड एक गोष्ट झाकली जाते. हा माणूस नाटकापलीकडे किती तरी मोठा होता. रागदारी त्यांनी मनापासून साधली, स्वतः बंदिशी बांधल्या आणि त्यांत मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं नाव, घातली 'गुणरंग'. जगानं दिलेलं छोटेपण नाटकाच्या जाहिरातीवर राहू दिलं आणि आपल्या रचनांवर स्वतः निवडलेलं नाव घातलं. आजही माझ्या क्लासमध्ये कुणी मूल 'गुणरंग' असलेली बंदिश शिकतं तेव्हा मी आवर्जून सांगते, हे आपल्या भाडळ्याचे. मुलांना भाडळे ठाऊक असतं, कुणाची आत्या तिकडे दिलेली असते. छोटा गंधर्व हे नावही कानावरून गेलेलं असतं. गुणरंग कोण, ते त्यांना सांगावं लागतं.

आता कुणी म्हणेल, ही सगळी नाटक कंपन्यांची स्तुती चालली आहे. तसं नाही. त्या कंपन्यांनी मुलांचे फार हाल केले. शाळा सुटली, आईबाप सुटले, आजारपणात बघायला कुणी नाही, आणि आवाज गेला की कपडेपटाच्या पेट्या उचलण्याची पाळी. भास्करबुवा त्यातून निभावले, पण निभावू न शकलेल्यांची नावं आपल्याकडे कुणी लिहून ठेवली नाहीत. मोठे झालेले तेवढे आपल्याला दिसतात, म्हणून त्या काळाबद्दल फार हळवं होऊ नये. पण एक गोष्ट तिथं होती. कंपनीच्या बिऱ्हाडात गायनमास्तर असायचा. सकाळी तालीम असायची. मुलाच्या कानावर रोज गाणं पडायचं, चांगले गवई कंपनीत येऊन राहायचे. म्हणजे मुलाकडून घेताना कंपनी त्याच्या पदरात थोडं तरी टाकत होती, मग तो तिचा स्वार्थ का असेना.

आजच्या मालिकेत तेवढंही नाही. मुलाला सकाळी गाडी न्यायला येते. रंगभूषा, संवाद, चार-सहा वेळा तेच दृश्य, रात्री गाडी सोडायला येते. शिकवायचं कुणी? दिग्दर्शकाला त्या दिवसाचा भाग पुरा करायचा असतो. मूल स्वतःसारखं वागतं म्हणूनच तर त्याला घेतलेलं असतं, त्याला काही शिकवलं तर त्याचा निरागसपणा जाईल अशी उलट भीती. गाण्याच्या स्पर्धांच्या कार्यक्रमांत निदान गुरू शेजारी असतात, रागाचं नाव कानावर पडतं. मालिकेतल्या मुलाला मिळतात ते फक्त पैसे आणि ओळख. पैसे संपतात. ओळख मात्र त्याला नको तेव्हाही मागं मागं येते.

माझा हा विद्यार्थी सांगतो ते ऐकून पोटात कालवतं. त्याला मालिकेच्या दिवसांतलं आठवतं ते झोप येणं. दुपारी वाड्याच्या ओसरीवर तो झोपून जायचा आणि त्याला उठवायला येणारा मदतनीस दादा फार प्रेमळ होता, पाणी मारायच्या आधी दोनदा हाक मारायचा. "ताई, तो दादा खरंच चांगला होता," असं तो अगदी मनापासून सांगतो.

कायदा आहे. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्यावर बंदी आली, पण करमणुकीच्या क्षेत्रातल्या बालकलाकारांना त्यातून वगळलं, आणि त्यासाठी 2017 च्या नियमांत अटी घातल्या. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त काम नाही. मुलाच्या मनाविरुद्ध काम नाही. शाळा बुडता कामा नये. जिथं चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. आणि मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात.

हे नियम गावाकडच्या किती पालकांना ठाऊक आहेत? ज्या ज्या आई-वडिलांशी मी बोलले, त्यांतल्या एकालाही वीस टक्क्यांची गोष्ट माहीत नव्हती. साताऱ्याच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत एकामागून एक मालिकांचे सेट लागले. वाई-मेणवलीचा घाट तर आधीपासूनच सिनेमावाल्यांच्या माहितीचा. भाड्यानं वाडे गेले, पोरांना कामं मिळाली, हॉटेलं चालली, हे चांगलंच झालं. पण चित्रीकरण आपल्या जिल्ह्यात होतं, याचा अर्थ परवानगीचा कागदही आपल्याच जिल्हाधिकारी कार्यालयात येतो. मुंबईत बसून कुणी काय करतंय याकडे बोट दाखवायची सोय आपल्याला नाही. त्या कागदावर सही करण्याआधी मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलावून एकदा विचारावं, पालकांना त्यांच्या भाषेत अटी वाचून दाखवाव्यात, ठेवीची पावती बघावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

पण एवढ्यानंही माझा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. कायदा मुलाचे तास मोजतो, पैसे मोजतो. मूल चौदा वर्षांचं झालं की बालकलाकारांसाठीच्या या अटीही संपतात, आणि नेमका त्याच सुमारास आवाज फुटतो. म्हणजे ज्या दिवशी त्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्या दिवशी तो आपल्या हिशेबातून बाहेर पडतो. माझी मागणी आहे की ठेवीच्या वीस टक्क्यांच्या जोडीला निर्मात्यानं एक वेगळी रक्कम ठेवावी, मुलाच्या शिक्षणासाठी, पाच वर्षं पुरेल अशी. गाणं, वाद्य, नाच, चित्रकला, मुलाला जे हवं ते. काहीच नको असेल तर साधी शिकवणी. मुलाच्या बालपणातले सहा महिने विकत घेणाऱ्याला ही रक्कम जड जाऊ नये.

यावर एक जण मला म्हणाले, "बाई, जत-आटपाडीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. पोराच्या एका दिवसाच्या कामात त्याचा महिना निघतो. तुम्ही असल्या अटी घातल्या तर निर्माते मुंबईचीच मुलं घेतील." हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या घरीही त्या पैशांतूनच बोअर मारली, आणि तिला पाणी लागलं. आई ते विसरलेली नाही, मुलगाही नाही. 'आमच्या बोअरला माझ्यामुळं पाणी आहे' हे त्याच्या तोंडून ऐकताना त्याचा अभिमान दिसतो, आणि तो रास्त आहे. मुलांनी काम करूच नये असं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. गळा असलेल्या, रंगमंचाची ओढ असलेल्या मुलाला घरात कोंडून ठेवणं हीसुद्धा शिक्षाच. पण बोअरचं पाणी सगळं घर पितं आणि त्याची किंमत एकटा मुलगा फेडत राहतो, हे कुठंतरी थांबायला हवं. निर्माते मुंबईची मुलं घेतील ही भीती मला खरी वाटत नाही. ते आपल्याकडे येतात ते आपल्या मातीतली बोली बोलणाऱ्या तोंडांसाठी. ती त्यांना दुसरीकडे मिळत नाहीत.

दुसरं म्हणणं असतं की अस्सल गुण असेल तर तो कुठूनही वर येतो. हे मी पंचवीस वर्षं शिकवून नाकारते. मिरजेत बघा. इथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना घडवलं, अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. उरसात त्यांच्या स्मरणार्थ गवई येऊन गातात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा कारभार इथून चालतो, आणि तंतुवाद्यांच्या गल्लीत पंढरपूरकडून आलेले भोपळे अजूनही महिनोन्‌महिने सुकत टांगलेले असतात. भोपळा कितीही चांगला असू दे, कुणी तो वेलीवरून काढून त्याच दिवशी तारा लावत नाही. तो वाळतो, कापला जातो, त्याला दांडी बसते, जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुला करायला, जाणकार हात लागतो. कारागिराला घाई करा म्हटलं तर तो वाद्य परत ठेवून देतो. हीच सबुरी मुलाच्या गळ्याला आपण का दाखवत नाही?

आणि यात मुख्य दोष मला निर्मात्यांचा वाटत नाही, सरकारचाही नाही. तो आपला, ऐकणाऱ्यांचा आहे. आपण मुलाला मोठं होऊ देत नाही. रस्त्यात भेटला की 'किती बदललास रे' म्हणतो, आणि त्या म्हणण्यात तक्रार असते. त्याचं पहिलंवहिलं गाणं ऐकायला जातो ते 'तो पोरगा' आता कसा गातो हे बघायला. गायलाच बरा, तर 'पण लहानपणी काय गोड होता!' मागच्या पिढीतल्या श्रोत्यांना हे कळत होतं. वसंतराव ज्या तडफेनं गात, त्या गाण्यात कालियामर्दनातल्या कृष्णाला जागाच नव्हती, आणि ऐकणाऱ्यांनी ती शोधलीही नाही. गाणारा आज काय गातो तेवढंच कानात घ्यायचं असतं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांशीही मला बोलायचं आहे, कारण आपल्याकडे गाणाऱ्या मुलाला पहिला मंच तुम्हीच देता. साऊंडवर तुम्ही जे खर्च करता त्यातला थोडा भाग गावातल्या एका मुलाच्या वर्षभराच्या फीसाठी ठेवा. त्याला बोलवाल तेव्हा निवेदकाला सांगून ठेवा की मुलाचं नाव, गाव, गुरू आणि आज काय गाणार, एवढंच बोलायचं. मालिकेचं नाव त्याला स्वतःला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. भावे नाट्यमंदिराच्या आणि नाट्य परिषदेच्या मंडळींना विनंती की 5 नोव्हेंबरच्या सोहळ्याला जोडून तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक सकाळ ठेवावी. स्पर्धा नको, क्रमांक नकोत, चषक नकोत. फुटलेल्या आवाजात गायची परवानगी असलेली एक बैठक, समोर चार जाणकार आणि चहा.

आईनं येऊन सांगितल्यावर मी त्या मुलाच्या गावी गेले. त्याला गा म्हटलं नाही. तानपुरा बरोबर नेला होता, तो काळी चारवरून उतरवून काळी एकवर लावायचा, तर त्या तारा तिथं ढिल्या पडून कणकणायला लागल्या. त्या बदलून जाड तारा घालाव्या लागणार होत्या. त्याला म्हटलं, "चल मिरजेला, तूच बदलून आण." दोघं एसटीनं गेलो. कारागिरानं तारा चढवल्या, तारांखालचा दोरा सरकवत सरकवत आवाज उघडा केला आणि तानपुरा त्याच्या मांडीवर देऊन म्हणाला, "बघ बाळा, तुला बसतोय का." त्यानं छेडला. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, घुमला तसा त्याच्या तोंडून आपसूक 'सा' निघाला, फार बारीक, पण जागेवर. तिथल्या गिऱ्हाइकांपैकी कुणी वळूनही बघितलं नाही.

आता मंगळवार-शनिवार तो नेमानं येतो. पहिला अर्धा तास नुसता खर्ज, मग पलटे, मग भूप. अभंग अजून काढलेला नाही. मधूनच गळा फाटतो, तेव्हा तो थांबत नाही, खालच्या स्वरावर येऊन पुन्हा चढतो.

या वर्षी त्याच मंडळाचा फोन आला. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "गातो, पण ते वाक्य म्हणणार नाही." मी अध्यक्षांना तसं कळवलं आणि निवेदकानं काय बोलायचं तेही लिहून पाठवलं. त्यांनी वाचलं, जरा वेळ गप्प राहिले, आणि मंडळात बोलून दोन दिवसांत सांगतो म्हणाले.